एकाच दरवाज्यातला स्पीकर परत परत उडतोय? नवा घेण्याआधी जुना उघडून बघा

"दाजी, परत गेला."

मेहुण्याचा हा फोन चौदा महिन्यांत तिसऱ्यांदा आला. कोण गेला हे विचारावं लागलं नाही. पुढच्या डाव्या दरवाज्यातला स्पीकर. मेहुणा रोज सासवडहून दिवे घाट उतरून खराडीला कामाला जातो, येता-जाता दोन-अडीच तास गाडीत असतो, आणि गाण्याशिवाय त्याचा प्रवास होत नाही. गाडी साधी हॅचबॅक. कंपनीचा स्टिरिओ काढून टचस्क्रीन बसवलेला, पुढे, मोठ्या पडद्यावरच वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर (ट्विटर) बसवलेले साडेसहा इंची कोअ‍ॅक्सियल स्पीकर, ६० वॅट आरएमएस (सलग झेपणारे खरे वॅट), ४ ओहम. सीटखाली चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर, चॅनेलला ७५ वॅट आरएमएस.

दोन्ही वेळा दुकानदाराने एकच सांगितलं होतं, "स्पीकर हलका पडतोय, मोठा घ्या." मेहुण्याने दुसऱ्यांदा महागातला घेतला. तोही गेला. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "तू आता काही विकत घेऊ नकोस. जुने तिन्ही स्पीकर टाकून दिले नसशील तर घेऊन ये." नशिबाने डिकीत पडलेले होते.

मी भोसरीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, त्यामुळे मीटर आणि ऑसिलोस्कोप (विजेच्या लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) हाताशी असतो. पण खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक साध्या मल्टीमीटरवर, एका पेन्सिल सेलवर आणि एका ब्लेडवर होतं. स्पीकर वारंवार जात असेल तर तो का जातोय हे शोधल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आधी खात्री करा, स्पीकरच गेलाय का

आवाज बंद झाला म्हणजे स्पीकर जळाला असं नाही. पहिली चाचणी फुकटची आहे. अ‍ॅम्पवरच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. दोष उजवीकडे सरकला तर स्पीकर चांगला आहे, बिघाड अ‍ॅम्पमध्ये किंवा स्टिरिओत आहे. दोष डावीकडेच राहिला तर स्पीकर किंवा दरवाज्यातली वायर.

मग दरवाज्याचं पॅड काढून स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मीटर ओहमवर लावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ४ दाखवत नाही, ३.२ ते ३.७ च्या दरम्यान दाखवतो, कारण मीटर फक्त स्पीकरचा पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा, म्हणजे कॉइलचा, रोध मोजतो. स्वस्त मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून आधी किती दाखवतो ते बघा, ते ०.२-०.३ वजा करा. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. एक-दीड ओहम दाखवला तर कॉइलचे वेढे आपसात चिकटलेत, आणि असा स्पीकर लावून गाडी चालवली तर अ‍ॅम्पही जाईल. स्पीकर गरम असताना मोजू नका. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के.

वेगळा ट्विटर मोजताना खूप जण फसतात. त्याच्या मागे छोटा कपॅसिटर असतो आणि कपॅसिटर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) जाऊ देत नाही, म्हणून चांगला ट्विटरही मीटरवर तुटलेला दिसतो. कपॅसिटरच्या पुढे, थेट ट्विटरच्या टोकांवर मोजा. कोअ‍ॅक्सियलमध्ये याच्या उलट फसगत होते. आकडा बरोबर येतो पण तो फक्त मोठ्या कोनाचा (हलणाऱ्या पडद्याचा), वरचा छोटा ट्विटर मेलेला असला तरी मीटरला कळत नाही. तिथे कान लावूनच ऐकावं लागतं.

पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. अधिक टोक अधिकला लावलं की कोन पुढे येतो आणि 'टप्' असा भरीव आवाज होतो. त्याऐवजी 'खर्र' झालं तर कॉइल घासतेय. दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून हलकेच, अगदी सरळ दाबा. वाळूवरून काही ओढल्यासारखं जाणवलं तर शंका नको.

मेलेला स्पीकर काय सांगतो

मधली गोल टोपी ब्लेडने कापली की आत व्हॉइस कॉइल दिसते. मी तिन्ही स्पीकर स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून कापले.

पहिल्याची कॉइल तपकिरी पडून पुढे काळी झालेली. तारेवरचं लाखेसारखं आवरण फुगून त्याचे बारीक फोड आलेले, एक वेढा सुटून वर आलेला आणि तिथेच तुटलेला. जळक्या मोटारीसारखा वास सहा महिन्यांनीही गेला नव्हता. दुसरा, तो महागातला, तसाच. कोन, कडेचं रबर, खालचा पिवळा स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी सुरकुतलेली चकती), सगळं धड. म्हणजे हे दोन्ही उष्णतेने मेले. ओढाताणीने मेले असते तर रबर फाटलं असतं, स्पायडर सुटला असता किंवा कोनाकडे जाणारी विणलेली तार तुटली असती.

तिसरा उघडला आणि मी थांबलोच. कॉइल लखलखीत तांब्याची, नवी असावी तशी. मीटरवर ३.५ ओहम. पण कॉइल ज्या फटीत हलते त्या फटीत नारिंगी गंज साचलेला, आणि मॅग्नेटच्या खालच्या कडेला वाळलेल्या गढूळ पाण्याची रेघ.

तीन वेळा तोच दरवाजा, तेच लक्षण, पण कारणं दोन. दुकानात स्पीकर बदलताना जुन्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

जळण्याचं कारण

"जास्त वॅटचा अ‍ॅम्प लावला म्हणून स्पीकर जळला" असं सगळे म्हणतात. ६० वॅटच्या स्पीकरवर ७५ वॅटचा अ‍ॅम्प ही जोडी वाईट नाही, नीट लावली तर चांगली आहे. जळलं ते क्लिपिंगमुळे.

अ‍ॅम्प ठरावीक व्होल्टेजच्या पुढे जाऊ शकत नाही. त्याच्याकडून त्याहून जास्त मागितलं की सिग्नलच्या लाटेचा गोल माथा छाटला जातो आणि लाट सपाट माथ्याची, चौकोनी होत जाते. त्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा पूर्ण चौकोनी लाटेत दुप्पट शक्ती असते. म्हणजे ७५ वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण छाटलेल्या अवस्थेत दीडशे वॅटपर्यंत ढकलू शकतो. ती शक्ती आवाजात फारशी जात नाही, कॉइल तापवण्यात जाते.

स्टिरिओच्या खोक्यावरचा '५० वॅट × ४' हा आकडाही याच हिशेबातून येतो. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. त्यातून गोल लाट जास्तीत जास्त १० व्होल्ट आरएमएसची निघते. १० चा वर्ग १००, भागिले ४ ओहम, म्हणजे २५ वॅट. आतली गळती धरली की स्वच्छ आवाज चॅनेलला १८-२० वॅटचाच. आणि १४.४ चा वर्ग भागिले ४ केला तर येतात ५२ वॅट. ती पूर्ण चौकोनी लाट. खोक्यावर छापलेले ५० वॅट हे असे आहेत. जोडी जमवताना खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असलेला आरएमएस आकडाच बघा, तो नसेल तर ती वस्तू घेऊ नका.

यावरून काही जण म्हणतात की लहान अ‍ॅम्प लावला की स्पीकर हमखास जळतो. तेही अर्धंच खरं. २० वॅटचा स्टिरिओ कितीही छाटला तरी ४०-५० वॅटच्या पुढे जात नाही. ६० वॅटच्या मोठ्या कोनाला त्याने काही होणार नाही. पण कंपनीचे मूळ हलके स्पीकर आणि ट्विटर त्याने जातात, कारण छाटलेल्या लाटेतून वरच्या पट्टीचे जादा स्वर तयार होतात आणि ते थेट ट्विटरकडे जातात. शेवटी मोजायची ती कॉइलमध्ये साठणारी उष्णता.

मेहुण्याच्या गाडीत काय होतं ते पाहा. अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवायची खिट्टी, पूर्ण फिरवलेला. "फिटरने आवाज मोकळा यावा म्हणून ठेवला," असं त्याचं उत्तर. अ‍ॅम्पवर बास बूस्ट ९ डेसिबल. स्टिरिओवर लाउडनेस चालू. फोनमधल्या अ‍ॅपमध्ये पुन्हा बास वाढवलेला. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती, ६ म्हणजे चौपट, ९ म्हणजे आठपट. एकाच बासवर तीन ठिकाणी गुणाकार चाललेला.

आणि डावाच का जायचा, तर बॅलन्स डावीकडे सरकवलेला होता. चालकाला उजवा स्पीकर जवळ, म्हणून तो मोठा वाटतो. त्याने उजवा कमी केला, मग एकूण आवाज कमी वाटला म्हणून व्हॉल्यूम वाढवला. उजवा सुखरूप राहिला, सगळा मार डाव्याने खाल्ला. हे मला दुसऱ्या दिवशी, त्याच्या शेजारी बसून घाट उतरताना स्क्रीनवर दिसलं. बाकी कुठूनही ते कळलं नसतं.

गेन लावायची पद्धत

गेन म्हणजे आवाज नव्हे. स्टिरिओतून येणारा सिग्नल किती मोठा आहे हे अ‍ॅम्पला सांगायची ती खिट्टी आहे. ती पूर्ण फिरवली म्हणून अ‍ॅम्पची ताकद वाढत नाही, फक्त निम्म्या व्हॉल्यूमलाच लाट छाटायला लागते.

३०० हर्ट्झचा, ० डेसिबलचा टोन (एकाच पट्टीचा सलग आवाज) पेन ड्राइव्हवर घ्या. बरेच जण १००० हर्ट्झ सांगतात, पण स्वस्त मल्टीमीटर एसी व्होल्टेज साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच बरोबर मोजतो. लाउडनेस, बास बूस्ट, इक्वलायझर सगळं शून्यावर, बॅलन्स मध्यावर. अ‍ॅम्पवरचा हाय पास फिल्टर (खालचे स्वर अडवणारा) ८० हर्ट्झला चालू करा. साडेसहा इंची स्पीकरला त्याखालचा बास झेपत नाही, त्या प्रयत्नातच तो दमतो. गाडी सुरू ठेवा. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवा, नाहीतर हाच टोन त्यांना जाळेल. गेन सगळ्यात खाली.

आता स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश करा, ४० पैकी ३०. स्टिरिओ स्वतःच छाटत असेल तर पुढे गेन कितीही सांभाळला तरी उपयोग नाही. मी ऑसिलोस्कोप लावून पाहिला तेव्हा या स्टिरिओचा माथा ३४ ला सपाट व्हायला लागला. म्हणून मेहुण्याला ३० ची मर्यादा घालून दिली.

किती व्होल्ट हवेत ते काढायला स्पीकरचे आरएमएस वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ६० गुणिले ४ म्हणजे २४०, वर्गमूळ साडेपंधरा. मीटर एसी व्होल्टवर, पिना अ‍ॅम्पच्या स्पीकर टोकांवर, आणि आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. अ‍ॅम्पचे वॅट स्पीकरपेक्षा कमी असतील तर हिशेबात अ‍ॅम्पचे वॅट धरा.

काहीही न बदलता, होता त्या गेनवर आणि व्हॉल्यूम ३४ वर मी आधी मोजलं होतं. माझा मीटर ट्रू आरएमएस आहे, म्हणजे छाटलेली लाटही बरोबर मोजतो. आकडा आला २१ व्होल्ट. २१ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ११० वॅट, ६० च्या स्पीकरवर. मेहुणा बराच वेळ मीटरकडे बघत राहिला. मी शेवटी ५० वॅटचा हिशेब धरून १४.१ व्होल्टवर थांबलो. गेनची खिट्टी पाव फेऱ्यापेक्षा थोडीच पुढे होती.

"दाजी, आवाज कमी होईल ना?" तो म्हणाला. ११० वॅटवरून ५० वॅटवर आलं तर फरक पडतो साडेतीन डेसिबलचा. कानाला तो जाणवतो, पण आवाज निम्मा झाला असं वाटत नाही. वर छाटलेला कर्कशपणा गेल्यामुळे शब्द आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतात. उरलेला बास हवा असेल तर तो दरवाज्यातून न मागता सीटखाली छोटा सबवूफर घ्या.

पाण्याचं कारण

पावसाळ्यात खिडकीच्या काचेवरून पाणी दरवाज्याच्या आत उतरतं. ते उतरणारच, गाडी तशीच बनवलेली असते. दरवाज्याच्या तळाला भोकं असतात, तिथून ते बाहेर पडतं. पॅडच्या मागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही. स्पीकर बसवताना वायर ओढायला सोपं जावं म्हणून या दरवाज्यातला पडदा चौकोनी कापून तसाच लोंबता सोडलेला होता.

पॅड काढलं, टॉर्च लावला आणि मेहुण्याला बाहेरून काचेवर तांब्याभर पाणी ओतायला सांगितलं. धार काचेवरून आत आली, काच वर-खाली करणाऱ्या पट्टीच्या टोकाशी जमा झाली आणि थेंब थेंब करत सरळ स्पीकरच्या मॅग्नेटवर पडायला लागली. त्यात त्याची गाडी घरी पत्र्याच्या शेडखाली लागते, डावी बाजू शेडबाहेर. रात्रभर पागोळ्या त्याच काचेवर. जून ते सप्टेंबर हा स्पीकर रोज भिजत होता.

जाड पॉलिथिनचा नवा पडदा ब्युटाइल टेपने चिकटवला. त्याची खालची कड दरवाज्याच्या पोकळीत आत वळवून घेतली, म्हणजे पाणी पडद्यावरून आतच ओघळतं. स्पीकरच्या मागे वरच्या बाजूने प्लॅस्टिकची अर्धी टोपी बसवली. तळाच्या भोकांत चिखल घट्ट झाला होता, तो खराट्याच्या काडीने काढला. ती भोकं सिलिकॉनने बुजवू नका. गाडी नवी असताना लोक उत्साहाने ते करतात आणि दरवाजा आतून सडवतात.

बाकीचे संशयित

नवा स्पीकर लावल्या लावल्या, मिनिटाभरात जळत असेल तर गेन किंवा पाणी सोडा, अ‍ॅम्पच्या त्या चॅनेलमधून डीसी येतोय का बघा. गाणं बंद, मीटर डीसी व्होल्टवर, पिना स्पीकरच्या दोन वायरींवर. ५० मिलिव्होल्टपर्यंत ठीक. एक-दोन व्होल्ट किंवा जास्त आले तर अ‍ॅम्प दुरुस्तीला. मोजताना एक पिन गाडीच्या बॉडीला लावू नका. स्टिरिओच्या प्रत्येक स्पीकर वायरवर बॉडीच्या तुलनेत ६-७ व्होल्ट असतातच, तो दोष नाही. आणि त्यामुळेच स्पीकरची वजा वायर बॉडीला अर्थ करायची नाही.

दार उघड-मीट करताना आवाज येतो-जातो असं असेल तर दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर तुटलीय. तिथेच दोन वायरी एकमेकींना लागल्या तर अ‍ॅम्प प्रोटेक्टला जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.

अ‍ॅम्पची बॅटरीकडून येणारी वायर बारीक असली तर अ‍ॅम्पला व्होल्टेज कमी मिळतं आणि तो लवकर छाटतो. मोठ्या आवाजात बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग अ‍ॅम्पच्या टोकांवर. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर किंवा अर्थ बदला. ७५ वॅटचे चार चॅनेल म्हणजे भरात ३५ अँपिअरच्या आसपास. शुद्ध तांब्याची ४ गेज वायर घ्या. बाजारात वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली खूप मिळते. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी निघाली तर परत द्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाणार असाल तर ब्लेड खिशात असू द्या. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, अ‍ॅम्पवर लिहिलेल्या क्षमतेचाच. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणं हा गाडी पेटवायचा मार्ग आहे.

ओहमचं थोडक्यात. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम, एकापुढे एक जोडले की ८. अ‍ॅम्पचे दोन चॅनेल ब्रिज केले (एकत्र जोडून एकाच स्पीकरला दिले) तर बहुतेक अ‍ॅम्पना ४ ओहमच्या खाली चालत नाही. आणि कंपनीचे मूळ स्पीकर काढण्याआधी एकदा मोजा. काही गाड्यांत ते २ ओहमचे असतात आणि त्यांच्या जागी ४ ओहमचे लावले की आवाज बसतो, मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो, आणि गोष्ट पुन्हा क्लिपिंगवर येते. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू न देता कपलर (मूळ वायरीला जुळणारा प्लग) लावून घ्या.

मेहुण्याच्या गाडीत नवे स्पीकर पहिल्याच किमतीतले घेतले, ६० वॅटचेच. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला. दिवाळीत तो घरी आला तेव्हा पॅड काढून मोजले, डावा ३.५, उजवा ३.४, बसवले त्या दिवशी होते तेवढेच. फटीत गंज नाही. सर्व्हिसिंगला गाडी गेली की कुणीतरी खिट्ट्या फिरवतं, म्हणून त्याच्या बायकोकडून नेलपॉलिश मागून गेनच्या खिट्टीवर आणि शेजारच्या पत्र्यावर समोरासमोर दोन लाल ठिपके देऊन ठेवलेत.